दोन बोटांची गाडी

एका गावात एक भोळा फिटर होता. गाव हायवेला लागून, गावात एक गॅरेज, आणि गॅरेज त्याच्या मामाचं. फिटरचं नाव सुबराव. हात चांगला, कान त्याहून चांगले. एकदा सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. सगळा घोळ तिथंच होता.

मामाला शिकवायचा कंटाळा. मोठ्या माणसांना बहुतेक असतोच. अर्धं वाक्य सांगायचं, उरलेलं शिव्यांनी भरून काढायचं, आणि ह्याला अनुभव म्हणायचं.

एक दिवस गावचे आबासाहेब गाडी घेऊन गॅरेजात आले. सोबत मुलगा दिग्विजय. त्याचं लग्न आठवड्यावर आलेलं. दिग्विजय ठेंगणा होता. त्याला स्वतःला त्याचं काही नव्हतं, आबासाहेबांना होतं. मुलीकडे त्यांनी उंची वाढवून सांगितली होती, आणि मुलगी चांगली उंच. त्यात फोटो गाडीशेजारी काढायचे. मुलगा गाडीपलीकडे उभा राहिला की टपावरून नुसता फेटा दिसणार.

"गाडी खाली घ्या," आबासाहेब म्हणाले. "पोरगा उंच दिसला पाहिजे."

"आबा, मी आहे तेवढाच राहणार की," दिग्विजय म्हणाला.

"तू मधे बोलू नकोस. लग्न मोठ्यांनी ठरवलंय."

मामानं मान डोलवली. "आखूड स्प्रिंगा घालू. आता चाक आणि मडगार्डच्या मधे चार बोटं बसतात. दोन बसतील एवढी खाली घेऊ." मग सुबरावकडे वळून म्हणाला, "ऐक. तुझ्यामुळं ह्या लग्नात एक जरी घोळ झाला, तर बोचकं बांधायचं आणि आईकडं जायचं. परत गॅरेजची पायरी चढायची नाही."

ग्रीसच्या वासाशिवाय सुबरावला झोपसुद्धा येत नसे.

"बरं मामा. ध्यानात ठेवतो."

त्यानं गाडी जॅकवर चढवली. जुन्या स्प्रिंगा काढल्या, आखूड घातल्या, चाकं लावली. मग चाकावर बोटं घालून बघितली. चाकं हवेत लोंबत होती. दोन बोटं कसली, अख्खा हात आत गेला.

"मामा, गाडी वर गेली."

"अरे बैला! लटकलेल्या वस्तूची उंची मोजतात काय? आधी खाली टेकव, मग मोज!"

"बरं मामा. ध्यानात ठेवतो."

तेवढ्यात पेंटर गॅरेजचा नवा बोर्ड टांगायला आला. मामा रस्त्यापलीकडं उभा राहून ओरडला, "सुबराव, बोर्ड किती उंचावर आलाय बघ रे!"

सुबरावनं बघितलं. बोर्ड लटकलेला होता. त्यानं दोरी सोडली, बोर्ड धाडकन खाली टेकवला, टेप लावला.

"मामा, उंची शून्य!"

बोर्डाला मधोमध चीर गेली. मामाला ओरडायला शब्द सापडेनात, म्हणून त्यानं चहा मागवला.

मग सुबरावनं गाडी खाली घेतली. पुन्हा बोटं घातली. तीन बसली.

"मामा, तीनच्या खाली येईना."

"नवीन वस्तू लगेच बसते काय? खड्ड्यातनं दोन-चार फेऱ्या मार. हादरे बसले की आपोआप जागेवर बसते!"

सुबरावनं गाडी तळ्याच्या रस्त्यानं फिरवून आणली. दोन बोटं झाली. त्याला फार आनंद झाला. पहिल्यांदाच सांगितलेलं उपयोगी पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मामा नवीन कवळी घालून आला. लग्नात हसायला दात हवेत म्हणून खास करून घेतलेली.

"बशत नाही रे नीट," मामा म्हणाला. "टोचते."

"नवीन आहे ना? बसा मागं."

मामाला वाटलं, दवाखान्यात नेतोय. सुबरावनं त्याला मोटारसायकलवर घेतलं आणि तळ्याच्या रस्त्याला लागला. पहिल्या खड्ड्यात मामानं शिवी दिली. दुसऱ्यात जीभ चावली. तिसऱ्यात कवळी उडून चिखलात पडली. सुबरावनं ती उचलली, पुसली, आणि विचारलं, "आणखी एक फेरी मारू?"

"अरे शत्रू! बशत नशेल तर घाशायची अशते! जिथं उंच लागतंय तिथं कानश मारायची!"

"बरं मामा. ध्यानात ठेवतो."

त्यानं कवळी घासून दिली. छान बसली. त्या दिवसापासून सुबराव खिशात कानस घेऊन हिंडू लागला.

लग्नाच्या तीन दिवस आधी त्यानं गाडी धुतली आणि सहज बोटं घालून बघितली. उजवीकडे दोन बोटं, डावीकडे जवळजवळ तीन. डावी बाजू उंच. उंच लागतंय तिथं कानस मारायची. त्यानं डावीकडची पुढची स्प्रिंग काढली आणि घासायला बसला. कानशीनं होईना म्हणून ग्राइंडर लावला. एक अख्खं वेटोळं उडालं. स्प्रिंग परत घालून गाडी खाली घेतली, तर ती एका गुडघ्यावर बसल्यासारखी वाकली.

मामानं आधी गाडी बघितली. मग गाडीखाली बघितलं. डावीकडची दोन्ही चाकं गटाराच्या फरशीवर उभी होती.

"अरे, एक बाजू उंच दिसली की आधी पायाखालची जमीन बघावी! फरशी काढ, वीट काढ, जमीन सारखी कर! त्यानंतरही फरक उरला, तर मला विचार! मला विचारल्याबिगर कशाला घासायचं नाही!"

"बरं मामा. ध्यानात ठेवतो."

मामानं तालुक्याला जाऊन दुसरी स्प्रिंग आणली आणि शेजारी बसून घालून घेतली. सपाट जागेवर मोजलं. चारी चाकांना बरोबर दोन बोटं.

लग्नाच्या दिवशी गाडी मांडवाशी थांबली. दिग्विजय उतरून टपावर कोपर ठेवून उभा राहिला. फोटो झकास आला. आबासाहेबांची छाती फुगली. सुबरावला वाटलं, आता बोचकं बांधायला नको. मामा नव्या दातांनी हसत होता.

मुहूर्त आला. मधे अंतरपाट धरलेला. अलीकडे दिग्विजय, पलीकडे नवरी मुक्ता. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. अक्षता हातात घेऊन सुबराव अगदी जवळ उभा होता. त्याची नजर अंतरपाटाच्या वर गेली.

नवरी एका पाटावर उभी होती. तरी तिचं डोकं दोन बोटं वर.

एक बाजू उंच दिसली. त्यानं पायाखाली बघितलं. दिग्विजयच्या पायांशी सोडलेलं कापड उचललं. आत एकावर एक तीन पाट. आबासाहेबांनी पहाटे स्वतः रचलेले.

सुबरावला मामाचा शब्द आठवला. तो खाली बसला आणि वरचे दोन पाट ओढले.

"शुभमंगल साव..." भटजी थांबले. दिग्विजय धपकन खाली आला. अंतरपाटावरून दिसणारा फेटा नाहीसा झाला.

मुक्तानं अंतरपाट हातानं बाजूला केला आणि खाली बघितलं.

"पाट कुणी ठेवले होते?"

"आबांनी," दिग्विजय म्हणाला. "मी नको म्हणालो होतो."

मुक्ता खुदकन हसली, वाकली आणि त्याच्या गळ्यात हार घातला.

आबासाहेब लालबुंद झाले. "कुणी ओढले पाट? हाकला त्याला!"

"बोचकं बांध!" मामा ओरडला.

"कुणी कुणाला हाकलायचं नाही," मुक्ता म्हणाली. "एवढ्या मोठ्या माणसांत खरं माप ह्यानंच दाखवलं. हा गॅरेजातच राहील, नाहीतर मी मांडवात राहत नाही."

आबासाहेबांनी मान डोलवली. त्यांची डोलली म्हणून मामानंही डोलवली.

सुबरावचा जीव भांड्यात पडला. आता काम अर्धवट टाकून चालणार नव्हतं. त्यानं दोघांच्या डोक्यांच्या मधे बोटं धरून नीट मोजलं. जमीन सारखी झाली होती. तरी फरक उरला होता. दोन्ही हातांची बोटं लागली.

त्यानं खिशातून कानस काढली, नवरीकडे एकदा नीट बघितलं, आणि शहाण्या भाच्यासारखं आधी विचारलं,

"मामा, वरून घासू का खालून?"