टिंगीचं रीळ आणि काकूंची खुर्ची

एक होती उंदरीण. एवढीशी. नाव तिचं टिंगी.

टिंगी राहायची द्वारकाकाकूंच्या घरात, शिलाई मशीनमागे. तिथे तिची एक बैठक होती. दोऱ्याचं रिकामं रीळ. जुनं, लाकडी, गुळगुळीत. वर रुंद, खाली रुंद, मधे बारीक. त्यावर बसलं की टिंगीला फार ऐटदार वाटायचं.

एकदा टिंगीला शेंगदाणा मिळाला. भाजलेला, खमंग. आईने बजावलं होतं, शेंगदाणा बसूनच खायचा. उभ्याने खाल्ला की ठसका लागतो. टिंगीने शेंगदाणा काखेत घेतला आणि निघाली घरी. तुरु तुरु तुरु.

बघते तर काय, रिळावर बेडूक. मस्त मांडी घालून.

"बेडूकराव, बेडूकराव, रिळावरून उठा. रीळ माझं."

बेडूक म्हणाला, "डरांव. मी नाही उठणार. माझी ओली वीट कोंबडीने घेतली. ती उठली की मी उठेन."

टिंगी निघाली. काखेत शेंगदाणा. तुरु तुरु तुरु.

माठाशेजारी ओली वीट. विटेवर कोंबडी.

"कोंबडीताई, कोंबडीताई, विटेवरून ऊठ. तू उठलीस की बेडूक उठेल, बेडूक उठला की रीळ माझं."

कोंबडी म्हणाली, "कॉक कॉक. मी नाही उठणार. माझी टोपली भुरीने घेतली. ती उठली की मी उठेन."

भुरी म्हणजे मांजर. अरे बापरे. पण करते काय? टिंगी निघाली. काखेत शेंगदाणा. तुरु तुरु तुरु.

पडवीत टोपली. टोपलीत भुरी. टिंगी दाराआडूनच बोलली. जवळ कोण जाणार?

"भुरीमावशी, भुरीमावशी, टोपलीतून ऊठ. तू उठलीस की कोंबडी उठेल, कोंबडी उठली की बेडूक उठेल, बेडूक उठला की रीळ माझं."

भुरीने एक डोळा उघडला. "घुर्र घुर्र. उठले असते तर आधी तुलाच धरलं असतं. पण मी नाही उठणार. माझी खिडकी काकूंनी घेतली. त्या उठल्या की मी उठेन."

टिंगी निघाली. काखेत शेंगदाणा. तुरु तुरु तुरु.

खिडकीत ऊन. उन्हात द्वारकाकाकू.

"काकू, काकू, खिडकीतून उठा. तुम्ही उठलात की भुरी उठेल, भुरी उठली की कोंबडी उठेल, कोंबडी उठली की बेडूक उठेल, बेडूक उठला की रीळ माझं."

काकू म्हणाल्या, "मी नाही उठणार बाई. उठून बसू कुठे? माझ्या खुर्चीला भोक आहे."

"मग दुसरी आणा की."

"दुसऱ्या पाहिल्या ना. दुकानात ढीगभर होत्या. एक गुबगुबीत. बसलं की आत गडप. एक लोखंडी. पाठीला टोच टोच. एक चाकांची. बसायच्या आधीच पळाली, गर्र गर्र. आणि कोपऱ्यात ही उभी होती. जुनी. सागवानी. हात कसे बाकदार आहेत बघ. पाठ कशी गोल आहे बघ. मी नुसता हात फिरवला आणि म्हटलं, चल गं घरी."

टिंगीने पाहिलं. खरंच, काय देखणी खुर्ची. पाय तर असे की वर रुंद, मधे बारीक, खाली रुंद. अगदी टिंगीच्या रिळासारखे. टिंगी बघतच राहिली.

काकू म्हणाल्या, "बैठक तेवढी फाटलीय. अंतूमामा विणतायत. त्यांनी विणलं की मी उठेन."

टिंगी निघाली. काखेत शेंगदाणा. तुरु तुरु तुरु. लांब नव्हतं, खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला.

अंतूमामा उकिडवे बसले होते. शेजारी बादली. बादलीत भिजलेला वेत. मामांना डोळ्यांनी दिसत नाही. बोटांनी दिसतं. बोटं वर, बोटं खाली, वेत सुळ्ळ सुळ्ळ.

"मामा, मामा, खुर्ची विणा. तुम्ही विणलंत की काकू उठतील, काकू उठल्या की भुरी उठेल, भुरी उठली की कोंबडी उठेल, कोंबडी उठली की बेडूक उठेल, बेडूक उठला की रीळ माझं."

मामा म्हणाले, "विणली की गं सगळी. चौकटीचं एकच भोक राहिलंय. त्यात वेत धरायची जुनी लाकडी खुंटी अडकलीय. हातोडी मारली तर लाकूड चिरेल. इतकं जुनं लाकूड, जिवावर येतं बघ. खुंटी निघाली की मी विणेन."

टिंगी खुर्चीवर चढली. चढ चढ चढ. भोकात डोकावली.

"खुंटी, खुंटी, भोकातून नीघ. तू निघालीस की मामा विणतील, मामांनी विणलं की काकू उठतील, काकू उठल्या की भुरी उठेल, भुरी उठली की कोंबडी उठेल, कोंबडी उठली की बेडूक उठेल, बेडूक उठला की रीळ माझं."

खुंटी म्हणाली, "मी नाही निघणार. कुणीही उठलं तरी मी नाही निघणार. जा."

आता कुणाकडे जायचं? टिंगीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. पुढे कुणीच नव्हतं. टिंगीला रडू आलं. पोटात भूक, काखेत शेंगदाणा, आणि बसायला जागा नाही.

मग टिंगीने जीभ फिरवली. तोंडात काय लागलं? दात. टोकदार, इवले इवले.

"मामा, मी कुरतडू?"

काकू खिडकीतून म्हणाल्या, "नको गं बाई. उंदीर आणि माझी खुर्ची? सगळी फस्त करशील."

टिंगी म्हणाली, "काकू, इतकी छान खुर्ची मी कशी खाईन? खुंटीच कुरतडेन. बाकी काही नाही."

मामा म्हणाले, "कुरतडू द्या तिला. मी कडेला बोट धरतो."

"आणि हे पण धरा," टिंगी म्हणाली. तिने शेंगदाणा मामांच्या दुसऱ्या हातात दिला.

कुर्र कुर्र. कुर्र कुर्र. सागवानाला काय गोड वास येत होता. टिंगीचे दात शिवशिवले. कडेचा एकच तुकडा? छोटासा? कुणाला कळणार? पण नाही म्हणजे नाही. टिंगीने फक्त खुंटी कुरतडली. कुर्र कुर्र, कुर्र कुर्र, टुप्प.

खुंटी निघाली. मामांनी भोकावरून बोट फिरवलं. एकदा. दोनदा.

"एक ओरखडा नाही," ते म्हणाले. "माझ्यासारखीच आहेस तू. जुन्या लाकडाला जपणारी."

खुंटी निघाली, मामांनी विणलं. शेवटचा वेत सुळ्ळकन आत गेला.

मामांनी विणलं, काकू उठल्या.

काकू उठल्या, भुरी उठली. भुरी धावली. टिंगीने डोळे मिटले. पण भुरी धावली ती खिडकीतल्या उन्हाकडे.

भुरी उठली, कोंबडी उठली. कोंबडी उठली, बेडूक उठला. बेडूक उठला, आणि रीळ टिंगीचं.

सगळे बसले. भुरी खिडकीत, कोंबडी टोपलीत, बेडूक विटेवर. काकू खुर्चीजवळ आल्या. पण बसल्या नाहीत.

"मामा, आधी तुम्ही बसा."

"मी? मी तर नेहमी खालीच बसतो."

"म्हणूनच म्हणते. तुमच्या विणीवर पहिले तुम्ही."

मामा बसले. हळूच. वेत करकरला. मामांनी पाठ टेकली, दोन्ही हात बाकदार हातांवर ठेवले. "अहाहा," म्हणाले. काकू चहा ठेवायला गेल्या.

आणि टिंगी? तिने रीळ ढकलत आणलं. गडगड गडगड. थेट खुर्चीखाली. त्या देखण्या पायांपाशी.

वरून मामांचा हात खाली आला. हातात शेंगदाणा. अख्खा.

टिंगी रिळावर बसली. कुटुम कुटुम, शेंगदाणा खाल्ला. ठसका लागला नाही.

मग मामा चहा प्यायला उठले. खिडकीतलं ऊन खुर्चीवर आलं. वेताच्या जाळीतून खाली उतरलं. टिंगीच्या पाठीवर उन्हाची जाळी पडली, अगदी खुर्चीसारखी.

टिंगी बसली, आता गोष्टही बसली. तुम्हीसुद्धा बसा.