सिंहाची सूचना

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा प्राणी एकमेकांशी बोलत असत, आणि सगळ्यांत गोड बोलत असे तो रानाचा राजा सिंह.

ओढ्याकाठच्या खडकाळ जागेत एका टिटवीने चार अंडी घातली होती. अंडी अगदी गोट्यांसारखी दिसत. कुणी जवळ आले की टिटवी जिवाच्या आकांताने ओरडे. पाण्यावर येणाऱ्या सिंहाला त्याचा त्रास होऊ लागला.

एक दिवस तो हसून म्हणाला, "टिटवीबाई, तुम्ही बिऱ्हाड दुसरीकडे हलवायला हवे, असे मला वाटते."

टिटवी घाबरली. "महाराज, हा हुकूम आहे का?"

"छे, छे! हुकूम कसला? आपले सुचवले."

टिटवीला धीर आला. "मग पिल्ले बाहेर येईपर्यंत थांबते, महाराज. अंडी उचलून नेता येत नाहीत मला."

"तुमची मर्जी," सिंह म्हणाला आणि निघून गेला. त्याच्या मागे चाललेला तरस मात्र तिथेच रेंगाळला.

"काय गं टिटवे, राजा सुचवतो आणि तू नाही म्हणतेस? मोठी शहाणी लागून गेलीस!" असे म्हणत त्याने चारही अंडी फोडून खाल्ली.

टिटवी रडत सिंहाकडे गेली. सिंह पंजा चाटत होता. "अरेरे! पण मी कुठे काय केले? मी तर फक्त सुचवले होते."

तरसाला तो एका शब्दाने बोलला नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून तरस त्याच्या शेजारी बसू लागला. सगळ्या रानाने ते पाहिले.

पुढे कडक उन्हाळा आला आणि ओढा आटला. सिंहाने सभा बोलावली. "आपण डोंगरापलीकडे जावे, असे मला सुचते. पण तुम्ही मोकळेपणाने बोला."

डोंगरापलीकडे पाणी नाही, हे म्हाताऱ्या गव्याला ठाऊक होते. त्याने तरसाकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"महाराज म्हणतील तसे," सगळे म्हणाले.

पलीकडे नुसती धूळ होती. वाटेत हरणांची पाडसे एकामागून एक कोसळली. शेवटी सिंहही कोरडी जीभ बाहेर काढून आडवा झाला.

"पाणी नाही, हे मला आधी कुणीच का सांगितले नाही?" त्याने विचारले.

गवा म्हणाला, "महाराज, तुमच्या सूचनेला टिटवी एकदा नाही म्हणाली होती."

तात्पर्य: जिला नकार देता येत नाही, ती सूचना म्हणजे गोड बोलून दिलेला हुकूमच.