मेव्हण्याचा मेंढा

एका उजाड माळावर एका मेंढपाळाचा तळ होता. माणूस कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण संशयी म्हणजे किती संशयी! कुणी रामराम घातला, तर हा मनात म्हणायचा, 'आज बरा गोड बोलतोय, काहीतरी पाहिजे असणार.' आणि नाही घातला, तर म्हणायचा, 'तोंड चुकवतोय, काहीतरी करून आलाय.' आता अशा माणसाशी वागायचं तरी कसं, सांगा!

त्याच्या कळपाला काही वर्षांपासून उतरती कळा लागली होती. मेंढ्या व्यायच्या, पण कोकरं जन्मायची ती मूठभर जिवाची. पाय वाकडे, लोकर विरळ. कितीतरी तर आईच्या आचळाला तोंड लावायच्या आतच मान टाकायची. सकाळी मेलेलं कोकरू उचलताना मेंढपाळाचा जीव तुटायचा. आजोबांनी जमवलेला कळप आपल्या हाताखाली संपणार, या विचारानं त्याला घास गोड लागेना.

याला कारण काय? कारणं त्याच्याकडे ढीगभर होती. पलीकडच्या तळावरच्या बाईनं नजर लावली. ओढ्याच्या पाण्यात कुणीतरी काहीतरी कालवलं. त्यानं चारणीची वाट बदलली, मेंढ्यांच्या गळ्यात बिब्बे बांधले, ओढ्याला कुणी उतरलं की उभं राहून टक लावून बघू लागला. कोकरं मरायची ती मरतच राहिली.

बायको म्हणाली, "अहो, नजर नाही नि काही नाही. आपला मेंढाच रोडका आहे. दरसाल व्यापारी आला की चांगली चांगली नर कोकरं तुम्ही त्याच्या गाडीत घालता. ज्याला कुणी हात लावत नाही ते मागे उरतं, आणि तेच कळपाचा मेंढा होतं. याचा बापही असाच उरलेला, आजाही उरलेला, आणि सगळे याच कळपातले. किडकं बी पेरायचं आणि पीक मात्र जोमाचं मागायचं, असं कुठं असतं का?"

"चांगल्या कोकराला गिऱ्हाईक असतं म्हणून विकतो," तो म्हणाला. "आणि बाहेरचा मेंढा आणायचा म्हणतेस? स्वतःचा चांगला मेंढा कुणी दुसऱ्याला देतं होय? देईल तो रोगी तरी असेल, नाहीतर चोरीचा."

बायकोनं माहेरी भावाला निरोप धाडला.

थोड्याच दिवसांत मेव्हणा आला तो मेंढा घेऊनच. मेंढा कसला, बघत राहावं असा! छाती रुंद, पाठ सरळ, पाय खांबासारखे.

"दाजी, दोन महिने ठेवा याला," मेव्हणा म्हणाला. "तुमच्या मेंढ्या गाभण राहिल्या की येऊन घेऊन जाईन."

"आणि बदल्यात?"

"बदल्यात काय घ्यायचं? अक्काचा कळप सुधारला म्हणजे झालं. मीसुद्धा हा दुसऱ्याकडूनच आणलाय. मेंढा दोन-तीन सालांनी बदलावाच लागतो."

मेंढपाळाच्या डोक्यात चक्र फिरू लागलं. फुकट देतोय म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं आहे. उद्या कोकरं झाली की पंचांपुढे उभा राहील आणि म्हणेल, 'मेंढा माझा, तर अर्धी कोकरं माझी.' पण नको म्हणावं, तर बायकोचा भाऊ! तोंडावर नाही म्हणायची सोय नाही.

मग त्यानं काय करावं? मेव्हण्याची पाठ वळताच मेंढ्याच्या पोटाखाली जाड फडकं आवळून बांधलं. असं फडकं बांधलं की मेंढा कळपात हिंडतो, मिरवतो, पण मेंढी काही गाभण राहत नाही. आपला रोडका मेंढा मात्र त्यानं मोकळाच ठेवला. बायकोनं विचारलं, तर म्हणाला, "काटे लागतील त्याला, म्हणून बांधलंय." बायको नुसतं हं म्हणाली. अहो, मेंढपाळाची लेक ती, तिला काय कळत नव्हतं?

त्या दिवसांत बायको आपल्या आंदणाच्या मेंढ्या कळपापासून वेगळ्या चारू लागली. लग्नात माहेरून मिळालेल्या, तिच्या हक्काच्या मेंढ्या त्या. मेंढपाळाला लगेच शंका आली. 'दूध चोरून विकत असणार!' एकदा तर झुडपाआड लपून त्यानं पाळत ठेवली. बायको झाडाखाली बसून भाकरी खात होती. तरी त्याचं समाधान झालं नाही.

ठरल्याप्रमाणे मेव्हणा मेंढा न्यायला आला. त्याआधीच मेंढपाळानं फडकं काढून लपवलं होतं. त्यानं मेंढ्याच्या पोटावरून हात फिरवला, जरासा थांबला, दाजींच्या तोंडाकडे पाहिलं. मग पाणी पिऊन मेंढा घेऊन गप चालता झाला.

पुढं मेंढ्या व्यायला लागल्या आणि पुन्हा तेच. वाकड्या पायांची, मलूल कोकरं. पण बायकोच्या मेंढ्यांची कोकरं मात्र अंग वाळतंय न वाळतंय तोच उठून उभी राहायची आणि ढुशा देत दूध प्यायची. बघता बघता अशी अंगानं भरली की येणाराजाणारा थांबून पाही.

दुसरा कुणी असता तर देवापुढे नारळ फोडला असता. हा मात्र कोकरांकडे बघून हिशेब मांडू लागला. तीच रुंद छाती, तीच सरळ पाठ! फडकं नक्कीच कधीतरी सुटलं असणार. आता मेव्हणा येणार आणि हक्क सांगणार. तेवढ्यात व्यापारी आला. बायको पाण्याला गेली होती. मेंढपाळानं मागचापुढचा विचार न करता तिच्या मेंढ्यांची सगळी नर कोकरं गाडीत चढवून दिली. 'आता ये म्हणावं मागायला!'

बायको परत आली. रिकामी जागा बघून तिच्या डोक्यावरची घागर खाली आली.

"अहो, काय केलंत हे! तुम्ही बाजाराला गेलात की मीच फडकं सोडून त्याला माझ्या मेंढ्यांत नेत होते, आणि तुम्ही यायच्या आत परत बांधत होते. आपल्या रोडक्या मेंढ्यापासून माझ्या मेंढ्या वेगळ्या काढल्या त्या त्याच्यासाठीच. त्यातलं एक कोकरू आपल्या कळपाचा मेंढा होणार होतं. कळपाचं नशीब तुम्ही आपल्या हातानं गाडीत घातलंत!" आणि ती मटकन खाली बसून रडू लागली.

मेंढपाळ तसाच व्यापाऱ्याच्या मागे धावला, पण गाडी केव्हाच दूर गेली होती. मग त्यानं मेव्हण्याचं गाव गाठलं.

"पाव्हणं, चुकलो. तो मेंढा पुन्हा एकदा द्या."

"तो आता नाही दाजी. दुसऱ्या तळावर दिलाय, हा हंगाम तिकडेच राहील. तुम्हाला पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागेल." मग मेव्हणा म्हणाला, "पोटाखालची लोकर घासलेली तेव्हाच दिसली होती मला."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"काय बोलू? म्हटलं असतं, फडकं का बांधलं, तर तुम्ही म्हणाला असता, याला एवढी काळजी का? गप्प बसलो, तर तुमच्या मनात आलं असेल, हा गप्प का? दाजी, तुमचं भलं करायचं म्हटलं तरी माणसाला तुम्ही वाटच ठेवत नाही."

मेंढपाळ मान खाली घालून परतला. तळावर येताच बायकोला म्हणाला, "इथून पुढे कोणतं कोकरू ठेवायचं नि कोणतं द्यायचं, ते तू ठरवायचं. मी नुसता राखणीला." ते साल मात्र हातचं गेलं ते गेलंच, आणि मेंढ्या व्यायला लागल्या तेव्हा त्याला पुन्हा रोज सकाळी मेलेली कोकरं उचलावी लागली.

तात्पर्य: दुसऱ्याच्या हेतूवर शंका घेण्याआधी आपल्या हातच्या रीतीवर शंका घ्यावी. जो चांगलं ते विकतो आणि उरलेलं जपतो, त्याचं नुकसान करायला वैरी लागत नाही.