पाठ न दाखवता परतलेले राजे

"पळायचं!" यावर तिन्ही राजांचं एकमत झालं. महिनाभराच्या मोहिमेतलं हे पहिलंच एकमत! पण आधी कोणी पळायचं, यावरून तांबी नदीच्या घाटावर जे भांडण जुंपलं, ते काही केल्या मिटेना.

घाटावर नाव एकच, हौसा नावाडणीची. हातात वल्हं धरून ती ऐकत उभी होती.

महिन्यापूर्वी हेच तिघे, कुंभेरीचा रणधीर, वाघाळीचा चंडकेतू आणि मोहोरचा भूपसेन, ढोल बडवत नदी ओलांडून आले होते. सुबाहू राजाचा देवखिंडीचा किल्ला जिंकायचा आणि मुलखाचे तीन वाटे करायचे, असा बेत. किल्ल्याच्या पायथ्याशी तळ पडला. मग जेवणाच्या पंगतीत करावा तसा आग्रह सुरू झाला, "आधी तुम्ही चढा!" "छे, छे, आधी तुम्ही!" चढलं कोणीच नाही. आसपासची गावं मात्र खाऊन फस्त केली. हौसेच्या गावात तर पेरायला दाणा उरला नाही. शेवटी काल सकाळी सुबाहू दरवाजे उघडून बाहेर पडला, आणि तिन्ही फौजांना एकदम घरची आठवण झाली!

शिपाई बिचारे साधे. घाटाखालच्या उथळ पाण्यातून, जोडे डोक्यावर घेऊन ते केव्हाच पलीकडे पोहोचले होते आणि काठावर बसून गंमत बघत होते. राजे अजून अलीकडेच!

"मी आधी गेलो तर लोक म्हणतील, रणधीर पहिला पळाला!"

"आणि मी मागे राहिलो तर सुबाहू मलाच धरेल!" चंडकेतू म्हणाला.

भूपसेनानं मिशीला पीळ दिला. "पुढं-मागं तुम्ही बघा. पण मोहोरच्या राजानं शत्रूला आजवर पाठ दाखवलेली नाही. मी पाठ वळवणार नाही!"

"मग आम्ही काय वळवणार?" बाकीचे दोघे एका सुरात म्हणाले.

इतक्यात खिंडीकडून सुबाहूचा नगारा ऐकू आला. रणधीर हौसेवर खेकसला, "ए नावाडणी! आम्हा तिघांना पलीकडे ने. कोणी आधी निघता कामा नये, कोणी मागे राहता कामा नये, आणि शत्रूला कोणाची पाठ दिसता कामा नये. जमलं नाही तर तुझी नाव इथंच जाळीन!"

हौसा घाबरून नावेला टेकली. नाव गेली म्हणजे घरची चूल विझली. तिची नजर राजांच्या मागं उभ्या असलेल्या तीन गाड्यांवर गेली. गावातली ज्वारीची पोती, तांब्याचे हंडे, आणि सगळ्यांच्या वर तिचं स्वतःचं घंगाळ! भीती कुठल्या कुठं गेली. तिला असा राग आला, की डोकं झरझर चालायला लागलं.

"सोपं आहे की, सरकार!" ती म्हणाली. "नावेतल्या उतारूचं तोंड पलीकडं असतं, त्याची पाठ अख्ख्या मुलखाला दिसते. पण वल्ही मारणाऱ्याचं तोंड कुठं असतं?"

"मागं सोडलेल्या काठाकडं," चंडकेतू म्हणाला.

"म्हणजे शत्रूकडं! छाती पुढं, डोळे रोखलेले, आणि नाव आपली मागं मागं घराकडं!"

"म्हणजे आम्ही वल्ही मारायची? राजांनी?" रणधीर ओरडला.

"छे, जबरदस्ती नाही! उतारू म्हणून बसा की. सुबाहू महाराज पाठीवरूनसुद्धा ओळखतील तुम्हाला."

नगारा जवळ आला. रणधीरनं निमूट बाह्या सारल्या.

"नाव काठाला आडवी लावते," हौसा म्हणाली. "तिघांनी एकदम पाय टाकायचा आणि एकाच फळीवर खांद्याला खांदा लावून बसायचं. ना कोणी आधी, ना कोणी मागं!"

"आणि गाड्यांवरचा माल?" चंडकेतूनं विचारलं.

"चढवा ना! पण जड नाव धारेत गरकन फिरते. नाव फिरली, की तुमच्या पाठी फिरल्या!"

माल काठावरच राहिला.

"एक, दोन, तीन!" हौसा सुकाणूवर बसली आणि राजे वल्ह्यांना भिडले.

"वाघाळी जोर लावत नाही!"

"कुंभेरी तर नुसतं पाणी ढवळतेय!"

"बोलू नका, ओढा!" हौसा कडाडली. राजांनी ओढलं. पलीकडच्या काठावर आधी एक शिपाई फिसकन हसला, मग तिन्ही फौजा खो खो हसत सुटल्या. हसायला मात्र कोणी कोणाला 'आधी तुम्ही' म्हणालं नाही!

रिकामी नाव घेऊन हौसा परतली, तर घाटावर सुबाहू घोड्यावर बसलेला. रागानं लाल झालेला!

"तीन राजे माझ्या मुठीत आले होते, आणि तू त्यांना पार केलंस?"

"मी कुठं, महाराज? मी नुसतं सुकाणू धरलं होतं. वल्ही त्यांनीच मारली!"

"थट्टा पुरे! बुडवायचं होतंस, नाहीतर अडकवून ठेवायचं होतंस. उद्या ते पुन्हा चालून आले तर?"

"बुडवले असते तर त्यांची मुलं सूड घ्यायला आली असती," हौसा म्हणाली. "धरले असते तर सोडवायला फौजा आल्या असत्या. आता जरा पलीकडं बघा."

सुबाहूनं पाहिलं. तिन्ही राजे घसा फोडून हुकूम देत होते, आणि त्यांचे शिपाई हवेत वल्ही मारल्यासारखे हात करत उलटे उलटे चालत होते!

"हे तिघं परत कधी 'चला देवखिंडीवर!' म्हणाले ना, महाराज, तर शिपाई आधी विचारतील, 'येताना वल्ही कोण मारणार?'"

सुबाहू असा हसला, की त्याचा घोडा बुजला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं हौसेला दिलं, घाट तिच्या घराण्याला कायमचा इनाम दिला, आणि मालाच्या तिन्ही गाड्या आपल्या स्वारांकरवी गावात पोहोचवल्या. घंगाळ मात्र हौसेनं स्वतःच डोक्यावर घेतलं.