ओळख देणं

"मग मी स्वतः कोर्टात उभं कधी राहायचं, सर?"

निनाद देवतळेनं हे विचारलं आणि आम्ही बाकीचे ज्युनियर आपापल्या कागदांत तोंड खुपसून बसलो. नागपुरात अपिलं चालवणारे वकील पुष्कळ, पण खानझोडे सर एकच. त्यांना असं तोंडावर विचारायची आमची कुणाची छाती नव्हती.

निनाद हुशार, यात वाद नाही. मस्तीही तेवढीच. दुसऱ्या दिवशी डोमाजी लांजेवारचं अपील होतं. खुनाच्या खटल्यात जन्मठेप झालेली, बायको आमच्या व्हरांड्यात येऊन बसलेली. सारी शिक्षा एका शेजारणीच्या शब्दावर झाली होती. अंधारात पळताना दिसला तो डोमाजीच, असं तिनं कोर्टात सांगितलं होतं.

आणि निनादला हुकमाचा पत्ता सापडला होता. साक्षीच्या इंग्रजी भाषांतरात हीच बाई म्हणत होती, की ती आरोपीला ओळखत नाही. ओळखत नाही, तर अंधारात ओळखलं कसं? खालच्या कोर्टाचे न्यायाधीश झोपले होते की काय, असंही तो बोलून गेला.

सर मान वळवून खिडकीबाहेर बघत बसले.

"सर..."

निनाद टेबलाला वळसा घालून त्यांच्या समोर गेला, तर त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. पोराचा चेहरा खर्रकन उतरला. माझं काही चुकलं का, असं त्यानं चाचरत विचारलं.

"काऊन रे, मी तुला ओळखत नाही का?"

"ओळखता, सर."

"मग आत्ता मी काय केलं?"

"...ओळख दिली नाहीत."

सरांनी मूळ मराठी साक्ष त्याच्यापुढे सरकवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. शेजारीण म्हणाली होती, 'मी त्याला ओळख देत नाही.'

निनाद त्या ओळीकडे बघतच राहिला... अपिलात साक्षीदार समोर येत नाही, येतात ते नुसते कागद. पण सरांना त्या कागदांत तोंड फिरवून उभी असलेली बाई दिसली होती. खरं सांगतो, असा वकील मी दुसरा पाहिला नाही.

"म्हणजे ती त्याला चांगली ओळखत होती," निनाद हळूच म्हणाला. "आणि मनात अढी धरून होती. कशाची, ते खटल्यात कुणी विचारलंच नाही, आणि तिच्या एकटीच्या शब्दावर शिक्षा झाली..."

मग त्यानं आपले कागद सरांपुढे सरकवले.

"पण माझा मुद्दा तर गेला, सर. उद्या तुम्हीच उभे राहा."

सरांनी व्हरांड्याकडे पाहिलं.

"तुझा गेला. डोमाजीचा आला. आता तू उभा राहा."