दोन आखूड रायफली आणि डावा गाल

शुद्धलेखनाच्या चुका वाचकांनी पोटात घालाव्यात. शाळा लवकर सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. पण ही गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

एकदा एका जंगलातल्या वनरक्षकांच्या तळावर शस्त्रे दुरुस्त करणारा एक वृद्ध उस्ताद होता. त्याच्या हाताखाली एक शिष्य शिकत असे. शिकारी टोळ्यांच्या मागावर जाणाऱ्या तुकडीला नव्या रायफली द्यायच्या होत्या आणि त्यासाठी दोन नमुने आले होते. दोन्ही अर्धस्वयंचलित, म्हणजे चाप एकदा दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते. शिवाय दोन्ही बुलपप. त्यांचे गोळ्या भरायचे मॅगझीन चापाच्या मागे, दस्त्यातच बसवलेले असते. त्यामुळे नळी पुरती लांब राहूनही रायफल आखूड होते, झाडीत अडकत नाही.

कोणती घ्यायची, हे शिष्याच्या तुलनेवर ठरणार होते. आठ दिवस त्याला दुसरे काही सुचत नव्हते. त्याने वजने केली, लांबी मोजली, नेम धरून पाहिला, चिखलात लोळवून पुन्हा गोळ्या झाडून पाहिल्या. पहिली हलकी, तिचा चाप मऊ, नेम नेटका. दुसरी जड, आणि तिचा चाप गंजलेल्या कडीसारखा. शिष्याने तक्ता आखून पहिलीला पसंती दिली.

पहिलीचा व्यापारी तक्ता पाहून खुलला. "वा! उस्ताद, पोरगं तुमच्याही वर गेलं. आता सही ठोका, उद्याच माल रवाना करतो."

उस्तादाने तक्त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने सरावाची पाच खोटी काडतुसे घेतली, काजळीत घोळली आणि पहिल्या रायफलीत भरली.

"डाव्या खांद्याला लाव. गाल टेकव. आता बोल्टचा दांडा मागे ओढ."

शिष्याचे कान तापले. "उस्ताद, मी उजव्या हाताचा आहे! आठ दिवस राबलो आणि तुम्ही शेठसमोर माझा तमाशा मांडताय?"

"ओढ."

रायफलीच्या उजव्या अंगाला पुंगळी बाहेर टाकणारी खिडकी होती; तिच्यातून काडतूस उसळले आणि थेट त्याच्या डाव्या गालावर आदळले. दुसरे ओठाच्या कोपऱ्यावर. पाचही संपली तेव्हा व्यापारी पोट धरून हसत होता. "तीट लावली की हो पोराला!"

"आता दुसरी," उस्ताद म्हणाला. दुसरीची काडतुसे मुकाट खाली, पायाशी पडली.

व्यापाऱ्याने हात झटकला. "डावखुरे असतात किती? उजव्या खांद्याची सवय लावा. चार दिवसांत जमेल."

"कुणाच्या जिवावर, शेठ?" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "साध्या रायफलीची खिडकी तोंडाच्या पुढे असते, बुलपपची गालाखाली येते. हे तर हाताने काढलेलं, थंड काडतूस. गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी तापून दगडासारखी येते. समोर टोळी उभी आणि आमचं माणूस गाल धरून खाली बसलेलं!" मग तो शिष्याकडे वळला. "तू रायफली नीट तपासल्यास रे. पण आठही दिवस एकाच खांद्यावर, तुझ्या. सगळ्यांच्या पुढे राहून माग काढणारी बाई डावखुरी आहे. रोज तिच्यासोबत चहा पितोस. कप कोणत्या हातात धरते, पाहिलंस कधी?"

शिष्याचा उस्तादावरचा राग स्वतःवर उलटला आणि मग व्यापाऱ्यावर गेला.

"शेठ, हे तुम्हाला माहीत होतं?"

"रायफलीच्या माहितीपत्रकात आहे की, खाली बारीक अक्षरात. विचारलं कुणी?"

"माणसाचा डोळा जायचा, आणि विचारलं कुणी?" शिष्याने व्यापाऱ्याच्या हातातून तक्ता हिसकावला. "सही होणार नाही. उचला तुमचं पत्रक!"

व्यापारी पुटपुटत निघून गेला. उस्तादाने शिष्यापुढे ओला फडका धरला. शिष्याने गाल पुसला नाही. त्याने आपल्याच तक्त्यावर आडवी रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरा कागद घेऊन तो कवायतीच्या मैदानावर गेला. सतरंजीवर दोन्ही रायफली मांडल्या, सारी तुकडी बोलावली आणि माग काढणाऱ्या बाईला म्हणाला, "ताई, आधी तुम्ही."