घराचा उतारा

एका गावात एक भोळा दलाल होता, असं कुणी सांगायला लागलं तर ऐकणारा त्याला तिथेच थांबवील. भोळा असेल तर दलाल नसेल आणि दलाल असेल तर भोळा नसेल. मलाही तसंच वाटायचं.

परदेशात चार वर्षं शहररचना शिकून मी हिंगणोळीला परत आले, ती गावातला घरांचा व्यवहार स्वच्छ करायचा असं ठरवूनच. विकणाऱ्याला फसवायचं नाही, घेणाऱ्यापासून काही लपवायचं नाही. बाजारपेठेत टेलरच्या शेजारी गाळा घेतला. पाटी लावली : 'उंबरा. घरांची खरेदी-विक्री. ऋजुता निकम.' मला वाटलं होतं, गावात एकापेक्षा एक लबाड माणसं भेटतील आणि मला त्यांच्याशी लढावं लागेल. लढायची माझी जय्यत तयारी होती.

भेटले केरबामामा.

केरबामामा हायस्कूलात शिपाई होते. पंचवीस वर्षं त्यांनी घंटा दिली. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, घड्याळात पाच वाजले की सुट्टीची घंटा द्यायची. एकदा घड्याळ सव्वाचारला बंद पडलं. मामा घंटेचा हातोडा हातात घेऊन घड्याळाकडे बघत उभे राहिले. अख्खी शाळा दिवेलागणीपर्यंत बसून होती.

आता ते निवृत्त झाले होते. माझी पाटी वाचून आत आले.

"ताई, काम हाय का?"

"खोटं बोलता येतं का?" मी विचारलं. हा प्रश्न मी आधीच तयार करून ठेवला होता.

"न्हाई जमत."

"मग आजपासून लागा."

जाताना मी सांगून गेले, फोन आला तर उचला. परत आल्यावर विचारलं, "आला होता का फोन?"

"आला की. उचलला."

"काय म्हणाले?"

"काय की. उचलला आन् परत ठिवला. उचला म्हणालात."

ही सुरुवात होती. मला वाटलं, शिकतील हळूहळू. ते शिकलेही. तीच अडचण झाली.

आमच्याकडे पहिलं घर आलं ते सिस्टरचं. सिस्टर म्हणजे शकुंतला घाडगे. आरोग्य केंद्रात तीस वर्षं नर्स होत्या. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मली. त्यांची मुलगी अकोल्याला असते. तिचं बाळंतपण जवळ आलं होतं आणि सिस्टर दसऱ्याला कायमच्या तिकडे निघाल्या होत्या.

"रंगराव रोज दारात येतोय," सिस्टर म्हणाल्या. रंगराव म्हणजे गावातले जुने दलाल. "त्याच्याकडे खताचा व्यापारी आहे. त्याला इथे गोदाम करायचंय. ह्या दारावर लोकांनी अपरात्री थापा मारल्या आणि मी उघडलं गं. त्या दाराआड खताची पोती नकोत. माणसं बघ."

"बघते."

"पण पितृपक्ष लागायच्या आत. पंधरवडाभर मग कुणी घराची बोलणी करत नाही. तोवर माणसं मिळाली नाहीत तर रंगरावाला हो म्हणेन. माझ्याकडे दुसरा रस्ता नाही."

गणपती बसायला दोन दिवस होते. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "सिस्टर, ह्या घरात चूल पेटेल." असली वाक्यं मी तेव्हा दिवसातून तीन-चारदा बोलायचे.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते खरात नवरा-बायको. खरातांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं, वहिनी अंगणवाडीत होत्या. मी मामांना बजावलं, "काही लपवायचं नाही. असेल ते सांगायचं."

मामांनी दार उघडलं आणि सुरू केलं.

"ह्या कोपऱ्यात गळतंय. त्या कोपऱ्यात आजून गळत न्हाई, पर गळंल. न्हाणीत दर श्रावणात धामण येती. औंदा दोनदा आली. मागच्या खिडकीला कडी हाय, पर लागत न्हाई."

खरात म्हणाले, "शेजार तरी चांगला आहे ना?"

"उजवीकडं चांगला हाय. डावीकडं एक खुळा ऱ्हातोय."

"कोण खुळा?"

"म्या."

खरात म्हणाले, बघतो. आणि गेले.

मी मामांना खाली बसवलं. "मामा, खरं सांगायचं, पण आधी चांगलं सांगायचं. माणूस दारात आला की हसायचं. म्हणायचं, 'वा! असं व्हायला भाग्य लागतं!' मग बाकीचं."

"हसायचं. वा, असं व्हायला भाग्य लागतं," मामांनी पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीचे दोघे पाटोळे भाऊ आले. चेहरे उतरलेले. थोरले म्हणाले, "आमचं घर पडलं हो पावसात. भिंत बसली ती सगळी."

मामा तोंडभर हसले. "वा! असं व्हायला भाग्य लागतं!"

धाकट्या पाटोळ्यांनी चप्पल काढली. घरात शिरायला नव्हे. मी मध्ये पडले म्हणून पुढचं टळलं.

"अहो मामा," मी त्या दोघांची पाठ वळल्यावर म्हणाले, "माणूस आपली आपत्ती सांगतोय आणि तुम्ही हसताय? अशा वेळी खांद्यावर हात ठेवायचा. हळू आवाजात म्हणायचं, 'झालं ते फार वाईट झालं. पण धीर सोडू नका. हळूहळू सवय होते.'"

"खांद्यावर हात. हळू आवाज," मामा म्हणाले. "जमंल."

तिसरं गिऱ्हाईक म्हणजे बँकेतला कारकून आणि त्याची बायको. तिच्या हातावरची मेंदी अजून ओली वाटावी इतकी ताजी होती. कारकून लाजत म्हणाला, "परवाच रजिस्टर लग्न झालं आमचं."

मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"झालं ते फार वाईट झालं," ते हळू आवाजात म्हणाले. "पण धीर सोडू नका. हळूहळू सवय होते."

बायकोनं नवऱ्याकडे बघितलं. "हे तुम्हाला आधीपासून ओळखतात का?"

ती दोघं घर न बघताच गेली. भांडणाचा आवाज पाराजवळून ऐकू येत होता.

सिस्टर सगळं ओसरीवरून बघत होत्या. त्या हसल्या. "ऋजुता, तू चांगली आहेस गं," त्या म्हणाल्या. "पण मी रंगरावाला निरोप धाडते. पितृपक्षाच्या आदल्या दिवशी साडेदहाला ये म्हणून."

त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे एकही मोठं वाक्य नव्हतं.

गणपती उठले. आणि पितृपक्षाला दोन दिवस राहिले असताना खरातवहिनींचा फोन आला. मीच होते, म्हणून बोलणं झालं. त्यांना घर हवं होतं.

"बारा घरं बघितली ताई," वहिनी म्हणाल्या. "सगळीकडं 'एक नंबर, एक नंबर'. कशाचंच काही कळंना. तुमच्या घराचं मातुर सगळं कळलंय. उद्या सकाळी अकराला घराकडंच येतो. फकस्त उतारा दावा. ह्यांचं म्हणणं, उतारा बघितल्याबिगर इसार द्यायचा न्हाई."

उतारा म्हणजे ग्रामपंचायतीच्या दप्तरातला घराचा कागद. घर कुणाच्या नावावर, त्यावर कर्जाचा किंवा कुणाच्या हक्काचा बोजा आहे का, ते त्यावरून कळतं. सिस्टर म्हणाल्या, इसार हातात पडेपर्यंत रंगरावाला नाही म्हणणार नाही, पण अकरापर्यंत थांबवून ठेवीन. त्याच सकाळी मला स्टॅम्पपेपरसाठी तालुक्याला जायचं होतं. ग्रामपंचायत मामांच्या रस्त्यावर होती. मी त्यांना सांगितलं.

"मामा, उद्या सकाळी सिस्टरच्या घराचा उतारा काढायचा."

मामा गंभीर झाले. "घराचा उतारा?"

"हो. काढला की तो घेऊन सिस्टरच्या उंबऱ्यातच थांबा. तो बघितल्याशिवाय गिऱ्हाईक पुढे येणार नाही."

"खरं हाय. तीन गिऱ्हाईकं माघारी गेली."

"घरावर कसला बोजा असेल तर त्यात निघेल. रंगरावांनी मागच्या मागे काही करून ठेवलं नसेल ना, एवढीच मला भीती."

"माझ्याबी मनात तेच आलं हुतं," मामा म्हणाले.

"आणि मामा, हात जोडते. मी येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. कुणी काहीही विचारू दे."

मामांनी तेव्हापासूनच तोंड मिटलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. सिस्टरनी खिडकीतून पाहिलं आणि मला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा हसून हसून डोळे पुसत.

साडेदहाला रंगराव आले. मागे खताचा व्यापारी, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. दोघं दारापाशी आले आणि थबकले. उंबऱ्यावर पत्रावळ. पत्रावळीवर दहीभात, दहीभातावर गुलाल, गुलालात टाचण्या टोचलेलं लिंबू, शेजारी बिब्बा आणि कुंकू लावलेला नारळ. त्या सगळ्यामागे केरबामामा मांडी घालून, तोंड मिटून.

"हे काय रं केरबा?" रंगराव म्हणाले.

मामा गप्प.

"आरं, कुणी ठिवलं हे?"

मामा गप्प.

"तोंड शिवलंय का तुझं? घरावर काय हाय का? कुणी केलंय?"

शब्द काढायचा नव्हता. पण माणूस कळकळीनं विचारतोय, त्याला ताटकळत ठेवणं मामांना बरं वाटेना. त्यांनी हात लांब केला आणि बोट थेट रंगरावांकडे दाखवलं.

व्यापारी दोन पावलं मागे सरला. "रंगराव, तुम्ही काय केलंय ह्या घराला?"

"म्या? म्या कशाला काय करू?"

"मग हा तुमच्याकडं बोट का दावतोय?"

"ए केरबा, बोल की मुडद्या!"

मामांनी ओठ आणखी घट्ट मिटले. बोट तसंच.

"माझा माल रासायनिक हाय," व्यापारी म्हणाला. "आधीच लई नाजूक असतोय." आणि तो निघाला. रंगराव त्याच्या मागे शपथा घेत धावले. गावातल्या सगळ्या देवांची नावं झाली तेव्हा ते कोपऱ्यावर पोचले होते.

अकराला मी स्टॅम्पपेपर घेऊन आले. त्याच क्षणी पलीकडून खरात नवरा-बायको आले. आम्ही तिघंही उंबऱ्याकडे बघत उभे राहिलो.

"मामा," मी म्हणाले. "हे काय आहे?"

मामांनी तोंड उघडलं आणि मोठा श्वास घेतला. "उतारा. काढला. हितंच थांबलो. शब्द न्हाई काढला. रंगराव आला हुता, गेला. सगळा बोजा गेला, ताई."

मी चार वर्षं शिकलेलं सगळं आठवायचा प्रयत्न केला. त्यात लिंबू नव्हतं. खरात चपलेतला पाय पुढे करून, मागे घेऊन, एका जागी चुळबुळत होते. सिस्टर ओसरीवर आल्या. त्यांच्या हातात चहाचा रिकामा कप होता.

"वहिनी," मी म्हणाले, "मी कागदाचा उतारा म्हणाले होते. ह्या घरात तसलं काही नाही. तुम्ही घाबरून परत गेलात तरी मी समजू शकते, पण..."

"थांबा हो." खरातवहिनी पत्रावळीपाशी वाकल्या. "ओ मामा, ह्या घरात भूत हाय का?"

"न्हाई."

"करणी?"

"न्हाई दिसली. ताईंनी काढ म्हणलं म्हणून उतारा काढला."

वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "ह्या माणसानं गळती सांगितली. धामण सांगितली. सोताला खुळा म्हणला. भूत आसतं तर आपल्याला त्याचं नाव, गाव आन् यायची येळ कळली नसती का?"

खरातांनी विचार केला. मग चप्पल काढली आणि ठेवली.

वहिनींनी नारळ उचलून कानाशी हलवला. "पाणी हाय. नव्या घरात पयला नारळ लागतोच की. लिंबू धुवून ठिवा, सरबताला हुईल." त्यांनी नारळ तिथेच पायरीवर फोडला आणि पहिला तुकडा सिस्टरच्या हातावर ठेवला. सिस्टरनी तो खाल्ला नाही. पदराच्या टोकाला बांधून घेतला, अकोल्याला न्यायला.

कागदाचा उतारा दुपारी मी स्वतः ग्रामपंचायतीतून काढला. त्यावर कसलाही बोजा नव्हता. मामांना दाखवला.

"बघा," मामा म्हणाले. "गेला."

संध्याकाळी इसारपावतीवर सह्या झाल्या. सिस्टरनी घराची एक किल्ली आपल्या हातानं खरातवहिनींना दिली आणि मागच्या खिडकीची कडी कशी दाबून लावायची ते दाखवलं. मला कळत होतं, हे घर मी विकलं नव्हतं. माझ्या वाक्यांनी तर नाहीच.

"मामा," मी गाळा बंद करता करता म्हणाले, "आजपासून तुम्ही माझे भागीदार. बाळू पेंटरकडे जा. आपल्या पाटीवर माझ्या नावाच्या खाली तुमचंही नाव लिहून घ्या."

मामांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "मोठं लिवायचं?"

"माझ्याएवढंच मोठं."

दुसऱ्या दिवशी गावचा बाजार होता. मी आले तेव्हा गाळ्यासमोर गर्दी होती. भाजीवाल्या, गाडीवाले, टेलर, दोन हवालदार, सगळे माना वर करून वाचत होते. मामा पाटीखाली नवी टोपी घालून उभे होते.

पाटीवर लिहिलं होतं :

उंबरा.
घरांची खरेदी-विक्री.
ऋजुता निकम.
तुमचंही नाव.

"म्या दोनदा इचारलं," बाळू पेंटर शिडीवरून म्हणाला. "मामा म्हणले, ताईंनी शब्द न् शब्द असाच सांगितलाय."

एक म्हातारी भाजीची पाटी खाली ठेवून अक्षरं लावत होती. "तु-म-चं-ही... म्हंजी आमचंबी? आमचंबी नाव लागतंय व्हय घरावर?" तिनं मला विचारलं. तिच्या मागे चार-पाच बायका थांबल्या होत्या. त्यांनाही तेच विचारायचं होतं.

बाळूनं टर्पेंटाइनचा बोळा भिजवला. "पुसू का ताई? आजून वलं हाय."

मी पाटीकडे बघितलं. म्हातारीकडे बघितलं. मग ठरवलं.

"राहू दे," मी म्हणाले.

केरबामामांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला.

"कुणाला राहू देऊ?" त्यांनी विचारलं.